गुठळी की पुंजका?

आपल्या मंडळाच्या ज्येष्ठ गटाने काढलेली वैद्यकीय शब्दांची इंग्रजी-मराठी पुस्तिका एव्हाना बहुतेकांच्या घरी पोचली असेल. चौसष्ट पानांची, खिशात मावेल एवढी, आणि मुख्य म्हणजे चष्मा न शोधता वाचता येईल अशा टायपात छापलेली. संपादकांनी तिच्यावर चार शब्द लिहायला सांगितले तेव्हा मी लगेच होकार दिला. मिडलंड्समधल्या एका रुग्णालयाच्या रक्तपेढीत एकतीस वर्षे नोकरी करून मी निवृत्त झालो, त्यामुळे या विषयातले आपल्याला थोडेफार कळते असा माझा समज होता. तो कितपत खरा होता ते पुढे येईलच. पण लिहायला बसलो आणि चार शब्दांऐवजी एकाच शब्दापाशी अडलो. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आधी चांगले ते सांगतो, कारण ते पुष्कळ आहे. दुखण्याचे पान तर फारच छान जमले आहे. इथला डॉक्टर विचारतो, कसे दुखते? शार्प, डल, की बर्निंग? आपली मंडळी बिचारी तिन्हींना मान हलवतात. पुस्तिकेने कळ, चमक, उसण, ठणका, ठसठस, आग असे आपल्या घरातले शब्द घेतले आहेत आणि प्रत्येकापुढे डॉक्टरला सांगता येईल असे एकेक छोटे इंग्रजी वाक्य दिले आहे. ठसठस म्हणजे नाडीच्या ठोक्याबरोबर वाढणारे दुखणे, हे इंग्रजीत एका वाक्यात सांगितलेले मी प्रथमच पाहिले. घेरी आणि चक्कर यांतला फरकही असाच नेमका दाखवला आहे. हे काम ज्यांनी केले त्यांनी नुसता शब्दकोश उघडून बघितलेला नाही, माणसे ऐकली आहेत.

आणि मग एकतिसावे पान येते. तिथे एका ओळीत असे छापले आहे: "क्लॉट, क्लम्प, कोअ‍ॅग्युलेशन, अ‍ॅग्लुटिनेशन: रक्ताची गुठळी, गुठळी होणे."

इंग्रजीतल्या एका दुखण्याला आपण सहा शब्द दिले, आणि रक्ताच्या चार इंग्रजी शब्दांना मिळून एक! एरवी मी हे हसून सोडून दिले असते. पण या एका ओळीने केवढा घोटाळा होऊ शकतो हे मी जवळून पाहिले आहे, आणि त्या घोटाळ्यात माझाही हात होता.

आधी रक्तात काय होते ते पाहू. ताजे रक्त साध्या काचेच्या नळीत ठेवले की थोड्याच मिनिटांत घट्ट होते. रक्ताच्या पातळ भागात फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन विरघळलेले असते. एकामागून एक घटक जागे होत शेवटी थ्रॉम्बिन तयार होते आणि ते या प्रथिनाचे धागे करते. धाग्यांचे जाळे विणले जाते आणि तांबड्या पेशी त्यात कोळ्याच्या जाळ्यातल्या माशीसारख्या अडकतात. हा क्लॉट, आणि ही क्रिया म्हणजे कोअ‍ॅग्युलेशन. बोट कापल्यावर हीच क्रिया आपल्याला वाचवते. पोटरीच्या खोल शिरेत ती नको तेव्हा घडली आणि तिचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर तीच जिवावर बेतते. मराठीत याला गुठळी म्हणणे अगदी योग्य. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

अ‍ॅग्लुटिनेशनमध्ये धागेही नाहीत आणि जाळेही नाही. तिथे पेशी एकमेकींना चिकटतात. पेशीच्या पृष्ठभागावर काही खुणा असतात, त्यांना प्रतिजन म्हणतात. ती खूण ओळखणारे प्रतिपिंड दुसऱ्याच्या रक्तात असले, की ते एका हाताने एका पेशीला आणि दुसऱ्या हाताने शेजारच्या पेशीला धरतात. अ, ब रक्तगटांच्या बाबतीत या प्रतिपिंडांना बहुधा दहा हात असतात. (रावणाला डोकी दहा, याला हात दहा.) मग पेशींचे घोळके होतात, आणि पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर पाहिले तर एकसारख्या लाल पाण्याचे लाल कण आणि मधे स्वच्छ पाणी असे दृश्य दिसते. शब्दाचे मूळ लॅटिन 'ग्लुटेन', म्हणजे सरस किंवा खळ. ज्यांच्या घरी ग्लुटेन वर्ज्य करून आणलेला महागडा पाव येतो त्यांना हा शब्द वेगळा सांगायला नको. भाषाशास्त्रवालेही तो वापरतात. तुर्की किंवा तमिळसारख्या, प्रत्ययाला प्रत्यय चिकटवत जाणाऱ्या भाषांना ते याच नावाने ओळखतात. आपण 'समोरच्यांच्याकडेसुद्धा' म्हणतो तेव्हा आपणही थोडी खळ लावतोच.

माझ्या नोकरीत हा फरक पोटापाण्याचा होता. मी नवखा असताना एका जुळणीत नळीच्या तळाशी पेशींचा गोळा पाहिला आणि वहीत 'जुळत नाही' असे लिहून मोकळा झालो. आमच्या वरिष्ठ बाईंनी नळी हातात घेतली, बारीक काडीने तो गोळा उचलला, आणि त्यातून लोंबणारा पांढरट धागा मला दाखवला. नमुना नीट गोठायच्या आधीच मी तो फिरवला होता, म्हणून उरलेले फायब्रिन नंतर नळीत जमले आणि पेशींना धरून बसले. चिकटलेल्या पेशी समजून मी ज्याची नोंद केली ती गुठळी होती. रुग्णासाठी राखलेले चांगले रक्त माझ्या चुकीने परत गेले असते. याच्या उलट चूक झाली असती तर काय, हे बाईंनी बोलून दाखवले नाही. त्या दिवसानंतर माझ्या डोक्यातले हे दोन इंग्रजी शब्द कधी एकमेकांत मिसळले नाहीत. मराठीतले मात्र मिसळलेलेच राहिले, कारण मराठीत मला दोन शब्द कोणी दिलेच नव्हते.

अ‍ॅग्लुटिनेशन हा शब्द आपल्याला अगदी परका आहे असेही नाही. विडाल टेस्ट ठाऊक नाही असे मराठी घर सापडणे कठीण. ताप उतरेना की 'विडाल करून घ्या', आणि मग रिपोर्टवर एकास ऐंशी, एकास एकशेसाठ असे आकडे. फर्नांड विडालने १८९६ मध्ये पॅरिसमध्ये ही तपासणी सुरू केली. तिच्यात विषमज्वराच्या जंतूंमध्ये रुग्णाचे सीरम मिसळतात आणि जंतू एकमेकांना चिकटतात का ते पाहतात. त्याच वर्षी व्हिएन्नात ग्रूबर आणि डरहॅम यांनी जंतूंच्या या चिकटण्याचे वर्णन केले होते. म्हणजे गेली कित्येक दशके आपण या क्रियेचे रिपोर्ट फाइलला लावून ठेवतो आहोत, पण तिला घरगुती नाव दिलेले नाही.

ग्रूबरच्या संस्थेत काही काळ काम केलेला कार्ल लँडस्टायनर हा या गोष्टीचा खरा नायक. एका माणसाच्या पेशी दुसऱ्याच्या सीरममध्ये कधी चिकटतात हे लोकांनी त्याच्या आधीही पाहिले होते, पण ते रोगाचे लक्षण असावे असा समज होता. लँडस्टायनरने स्वतःचे आणि प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांचे, म्हणजे चांगल्या धडधाकट माणसांचे रक्त घेतले आणि प्रत्येकाचे सीरम प्रत्येकाच्या पेशींशी मिसळून पाहिले. कुठे चिकटले, कुठे नाही, याचा तक्ता मांडला आणि त्यातून रक्तगट निघाले. १९०१ साली त्याचा जो लेख छापला गेला त्याच्या मथळ्यातच 'निरोगी मानवी रक्तातील अ‍ॅग्लुटिनेशन' अशा अर्थाचे शब्द आहेत. निरोगी हा शब्द तिथे मुद्दाम आहे. त्याला १९३० मध्ये नोबेल मिळाले. हा मथळा मराठीत कसा लिहाल? 'निरोगी रक्तातील गुठळ्या' असे लिहिले तर वाचणाऱ्याला वाटेल, निरोगी कसले, याला आधी दवाखान्यात न्या!

पुस्तिकेत पुढे रक्तगटाच्या पानावर आणखी एक वाक्य आहे: "रक्तगट न जुळल्यास रक्ताच्या गुठळ्या होऊन रुग्ण दगावतो." हे शाळेच्या पुस्तकांतून आपण सगळ्यांनीच पाठ केलेले वाक्य आहे, त्यामुळे संपादक मंडळाला दोष देत नाही. पण चिकटणे हे मुख्यतः फरशीवर आणि नळीत दिसणारे दृश्य आहे. अंगात न जुळणारे रक्त गेले की प्रतिपिंड त्या परक्या पेशींना पकडतात आणि त्यांच्या मागोमाग येणारी दुसरी प्रथिने त्या पेशींना भोके पाडतात. पेशी फुटतात, आतले हिमोग्लोबिन रक्तात सांडते, लघवी काळपट लाल होते, मूत्रपिंडे बंद पडू शकतात. पुढे गोठण्याची यंत्रणाही बिथरते आणि मग एकीकडे बारीक गुठळ्या, दुसरीकडे न थांबणारा रक्तस्राव अशी अवस्था येऊ शकते. गुठळी त्या गोष्टीच्या शेवटच्या अंकात येते, आणि पुस्तिकेने तिला नांदीलाच उभी केली आहे. याचा व्यवहारात तोटा असा की रक्त चढवताना थंडी वाजली, कमरेत दुखले, लघवीचा रंग बदलला, तर 'गुठळी तर नाही ना' म्हणून माणूस आपली पोटरी चाचपत बसेल आणि नर्सला हाक मारायला उशीर करील.

आपल्या मुंबईच्या नावाचा रक्तगट या चिकटण्यातूनच सापडला हे पुस्तिकेत यायला हवे होते. १९५२ साली भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी मुंबईत असे रक्त नोंदवले की त्याच्या पेशी अ आणि ब या दोन्ही सीरमांनी चिकटत नव्हत्या. म्हणजे पुस्तकाप्रमाणे तो ओ गट. पण त्याच माणसांचे सीरम ओ गटाच्या पेशींनाही चिकटवत होते. ओ रक्त कोणालाही चालते असे आपण म्हणतो, ते यांना मात्र मुळीच चालणार नव्हते. ओ गटाच्या पेशींवरही एच नावाची एक मूळ खूण असते, ती या माणसांच्या पेशींवर नसते, म्हणून त्यांच्या रक्तात तिच्याविरुद्ध प्रतिपिंड असतात. 'लॅन्सेट'मध्ये जो लेख आला त्यावर मुंबईच्या तिघांबरोबर लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांचीही नावे आहेत. भारतात साधारण दर दहा हजारांत एकाचा हा गट असतो असे सांगतात. युरोपीय लोकांत तो फारच दुर्मिळ, म्हणून इथल्या रक्तपेढीत आपल्यापैकी कोणाचा नमुना आला की मी जुळणीची नळी जरा अधिकच निरखून बघायचो. नोकरीच्या सगळ्या वर्षांत दोनदा ते दृश्य दिसले. ओच्या पेशी, आणि तरीही तळाशी घट्ट चिकटलेला लाल कण. दोन्ही वेळा हातातले काम टाकून आधी फोन उचलला.

जाता जाता आपल्या लाडक्या चित्रपटाची आठवण होते. 'अमर अकबर अँथनी'मध्ये (१९७७) तीन मुलांचे रक्त एकाच वेळी नळ्यांतून वर चढते आणि आईच्या अंगात उतरते. तो प्रसंग पाहून मी तेव्हाही रडलो होतो आणि पुढे रक्तपेढीत लागल्यावरही रडलोच, फक्त दुसऱ्या वेळी कारण वेगळे होते. असो.

आता माझा कबुलीजबाब.

२०२३ चा महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम आठवत असेल. शनिवार, २९ एप्रिल, नेहमीचा शाळेचा हॉल, लेझीमची तालीम चाललेली. तेवढ्यात आपल्याच मंडळातल्या एका मित्राचा फोन आला. त्याची आई, जिला आम्ही सगळे मावशी म्हणतो, पतीच्या निधनानंतर इकडेच राहते. वय चौऱ्याहत्तर. थकवा वाटतो म्हणून रक्त तपासले होते, त्याचा रिपोर्ट फोनवर दिसला. प्लेटलेट ३८. खाली शेरा: क्लम्प्स दिसले, आकडा भरवशाचा नाही, वेगळ्या नळीत पुन्हा नमुना पाठवावा. मित्राने शेऱ्यातला एकच शब्द वाचला आणि विचारले, "काका, क्लम्प्स म्हणजे गुठळ्याच ना?"

लेझीमच्या आवाजात मी ओरडलो, "हो हो, गुठळ्याच. काळजी नको, पुन्हा रक्त द्यायला सांगतील." आणि फोन ठेवला.

माझ्या मनात होते ते असे. मोजणीसाठी रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात. तिच्यात ईडीटीए नावाचे द्रव्य असते. ते रक्तातले कॅल्शियम धरून ठेवते, आणि कॅल्शियमशिवाय रक्त गोठत नाही. पण हजारात एखाद्या माणसाच्या रक्तात असे निरुपद्रवी प्रतिपिंड असतात की कॅल्शियम निघून गेल्यावर प्लेटलेटची जी बाजू उघडी पडते तिला ते चिकटतात. मग नळीतल्या प्लेटलेट एकमेकींना धरतात, मोजणाऱ्या यंत्राला वीस प्लेटलेटचा घोळका एकच दिसतो, आणि आकडा कोसळतो. अंगात यातले काहीच घडत नसते. नळीत रक्त गोठू दिले नाही म्हणूनच हे घडते. म्हणजे ज्याला मी गुठळी म्हणालो ती, गुठळी होण्याचा मार्ग बंद केला तेव्हाच होणारी वस्तू होती!

मित्राच्या मनात होते ते वेगळे. २०२१ च्या वसंतातल्या बातम्या तो विसरला नव्हता. अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या लशीनंतर फार थोड्या लोकांना एक विकार झाला होता, त्यात प्लेटलेट कमी होत आणि त्याच वेळी शिरांत गुठळ्या होत. ७ एप्रिल २०२१ ला इथे तिशीच्या आतल्या निरोगी लोकांना शक्यतो दुसरी लस द्यावी असे ठरले, मेमध्ये ती मर्यादा चाळिशीवर नेली. मावशींनी तीच लस घेतली होती. प्लेटलेट कमी आणि गुठळ्या: बातमीतली दोन्ही लक्षणे मुलाला आईच्या रिपोर्टवर दिसली, त्यातले एक माझ्या तोंडून. लशीला तोवर दोन वर्षे झाली होती आणि तो विकार लस घेतल्यानंतरच्या थोड्या आठवड्यांत दिसे, हे मी सांगितले असते, जर मला विचारले असते. त्याने विचारले नाही, कारण त्याच्या मते मी उत्तर दिलेच होते.

सोमवारी बँक हॉलिडे होता. सांगलीला फोन गेले. तिकडे प्लेटलेट दीड लाखांच्या हिशेबात मोजतात, इथे एकशेपन्नासच्या. त्यामुळे 'अडतीस' ऐकून मावशींची बहीण तिथेच मटकन खाली बसली. अडतीस हजार म्हणायचे आहे हे कळायला अर्धा तास गेला. मग डेंग्यूच्या अनुभवावरून पपईच्या पानांचा रस सुचवला गेला. कोणीतरी म्हणाले, गुठळ्या आहेत तर रक्त पातळ करायची गोळी का देत नाहीत? मावशींच्या कपाटात यजमानांच्या अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या उरल्या होत्या, त्या त्यांनी कोणाला न सांगता तीन दिवस घेतल्या. प्लेटलेट खरोखरच अडतीस हजार असत्या तर याच गोळ्या महागात पडल्या असत्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्या हलेनात. गुठळी सुटून मेंदूत जाईल म्हणून खुर्चीत पाय वर घेऊन बसून राहिल्या. जेवण खुर्चीत, झोप खुर्चीत. पोटरीत खरी गुठळी व्हायची असेल तर चौऱ्याहत्तराव्या वर्षी असे बसून राहण्यासारखा दुसरा सोपा मार्ग नाही.

४ मेचे त्यांचे विमानाचे तिकीट होते. मिरजेला नातीचे लग्न. तिकीट रद्द केले. दुसरा नमुना निळ्या टोपणाच्या सायट्रेटच्या नळीत गुरुवारी गेला, मधे राज्याभिषेकाच्या सुट्टीचा सोमवार आला, आणि मंगळवारी, ९ मे रोजी उत्तर मिळाले: २१२. अगदी व्यवस्थित. लग्न मावशींनी फोनच्या पडद्यावर पाहिले. अंतरपाट दूर झाला नेमका तेव्हा तिकडची वीज गेली.

मी हे सगळे दहाव्या दिवशी ऐकले, उत्तर आल्यानंतर. त्यांच्या घरी गेलो. मावशी रागावल्या नाहीत, आणि त्याचेच मला अवघड वाटले. त्यांनी साबुदाणा भिजत घातला होता. मी समजावू लागलो की त्या गुठळ्या तुमच्या अंगात नव्हत्याच, नळीत होत्या, आणि त्या गुठळ्याही नव्हत्या, म्हणजे तशा गुठळ्या, पण तशा नव्हेत. त्यांनी मला तिथेच थांबवले. "म्हणजे पाणी जास्त झालं की साबुदाणा एकमेकाला धरतो तसं? का दही लागतं तसं?"

"साबुदाण्यासारखं," मी म्हणालो.

"मग तसं सांगायचं. दही लागलं म्हणालात तुम्ही."

एकतीस वर्षांत मला कोणी हे इतके थोडक्यात समजावले नव्हते. दह्यात दुधातल्या प्रथिनाचेच जाळे होते, आणि लागलेले दही पुन्हा दूध होत नाही. साबुदाण्यात दाणा दाणाच राहतो, फक्त शेजाऱ्याला सोडत नाही. तूप थिजते ते तिसरेच, ऊब दिली की पुन्हा पातळ. आपल्या स्वयंपाकघरात या तीन गोष्टींना तीन क्रियापदे आहेत, आणि दवाखान्याच्या दारात आलो की आपण तिन्ही बाहेर ठेवून आत जातो.

ग्रंथांतली मराठी इथे फारशी मदतीला येत नाही. विश्वकोशात रक्त गोठण्याला 'रक्तक्लथन' म्हटले आहे. शब्द काटेकोर आहे, पण तो कोणाच्या आईला सांगणार? अ‍ॅग्लुटिनेशनला परिभाषेत 'समूहन' म्हणतात. त्यात चिकटण्याचा अर्थच येत नाही. समूह तर गणपतीच्या मिरवणुकीतही असतो, पण मिरवणूक संपली की जो तो आपापल्या घरी जातो. ज्यांनी हे शब्द घडवले त्यांच्याबद्दल मला आदर आहे. मराठीतून विज्ञान शिकवायचे तर असे शब्द लागतातच. पण ते वर्गात वापरायचे शब्द आहेत. पुस्तिका काढणाऱ्यांनी ते घेतले नाहीत हे बरेच केले. मात्र ते टाळताना त्यांनी हाताशी आला तो पहिला घरगुती शब्द सगळीकडे लावला, आणि तिथे फसगत झाली. सोपा शब्द जर दोन वेगळ्या गोष्टींना एकच असेल, तर तो ऐकायला सोपा आणि समजायला अवघड होतो.

माझी सूचना साधी आहे. क्लॉटसाठी गुठळी ठेवा, क्रियेसाठी गोठणे किंवा साकळणे. अ‍ॅग्लुटिनेशन आणि क्लम्प यांच्यासाठी पुंजका घ्या. कापसाचा पुंजका, ढगांचे पुंजके आपण म्हणतोच. वेगवेगळे कण एकत्र आले, पण त्यांचा एकजीव झाला नाही, ही छटा त्या शब्दात आहे. 'नळीत प्लेटलेटचे पुंजके झाले, म्हणून मोजता आल्या नाहीत' हे वाक्य ऐकून कोणी विमानाचे तिकीट रद्द करणार नाही. एका मित्राने 'घोस' सुचवला. तो दिसायला अधिक बरोबर आहे, पण द्राक्षांची गोडी त्याला सोडत नाही, रक्ताजवळ तो मला नकोसा वाटतो. आणखी एक शब्द पुस्तिकेत मुळीच नाही, तो घालावा. काही आजारांत तांबड्या पेशी नाण्यांसारख्या एकीवर एक रचल्या जातात, त्याला इथे फ्रेंच नावाने 'रुलो' म्हणतात. मराठीत त्यासाठी 'चळत' तयारच आहे. सूक्ष्मदर्शकाखाली चळत आणि पुंजका कधी कधी सारखेच दिसतात. तेव्हा आम्ही मिठाच्या पाण्याचा थेंब टाकायचो. चळत सुटते, पुंजका सुटत नाही.

'रक्त पातळ करणारी गोळी' हा पुस्तिकेतला शब्दही मला खटकतो, पण तो इंग्रजीचाच दोष आहे, इथले डॉक्टरही तसेच बोलतात. वॉरफरिन घेतलेल्याचे रक्त पाण्यासारखे होत नाही, त्याला गोठायला फक्त वेळ लागतो. 'गोठू न देणारी गोळी' म्हटले तर अक्षरे फारशी वाढत नाहीत. अ‍ॅस्पिरिन त्याहून वेगळ्या रीतीने काम करते, जखमेपाशी प्लेटलेटना एकमेकींना धरू देत नाही. त्यामुळे दोन्ही गोळ्यांना एकच नाव देणेही बरोबर नाही. मावशींच्या कपाटातल्या गोळ्यांवर मराठीत काहीच लिहिलेले नव्हते. त्यांना ठाऊक होते ते एवढेच, की यजमानांचे रक्त त्यांनी पातळ होत असे.

पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघणार आहे असे कळते. एकतिसाव्या पानाची दुरुस्ती मी लिहून संपादकांकडे दिली आहे, आणि रक्तगटाच्या पानावर मुंबईच्या गटाच्या चार ओळीही. पुढच्याच पानावर 'लंप, सिस्ट, ट्यूमर, नोड: गाठ' अशी आणखी एक ओळ आहे. तिथेही चारांना मिळून एकच शब्द आहे, आणि 'गाठ' ऐकून हादरलेली माणसे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पण तो विभाग माझा नव्हे. आपल्या मंडळात कर्करोगाच्या वॉर्डात काम केलेल्या दोन भगिनी आहेत, त्यांनी त्या पानावर लिहावे अशी त्यांना इथूनच विनंती करतो. लिहिण्याआधी एकदा मावशींकडे चहाला जाऊन या.